पर्यायी डिपेंडन्सी: ‘बघू’ हे उत्तर बिल्डमध्ये चालत नाही

तुमचा प्रश्न मला असा समजला. चिंचवडमधील एका लहान कंपनीत तुम्ही योक्टो या एम्बेडेड लिनक्स बांधण्याच्या साधनसंचाच्या आधारे औद्योगिक गेटवेची इमेज, म्हणजे उपकरणावर चढवायची संपूर्ण सॉफ्टवेअर-प्रत, तयार करता. गेटवेवर तुमचा स्वतःचा एक प्रोग्रॅम चालतो आणि तो यंत्रांकडून आलेली मोजमापे लिबकर्ल या नेटवर्क लायब्ररीच्या मदतीने सर्व्हरला पाठवतो. बिल्डच्या वेळी झेडएसटीडी ही लायब्ररी सापडली तर तो माहिती कॉम्प्रेस करून पाठवतो, सापडली नाही तर आहे तशी पाठवतो. तुमच्या लॅपटॉपवर तयार झालेल्या इमेजमध्ये ही सोय असते, पण त्याच कमिटवरून बिल्ड सर्व्हरवर तयार झालेल्या इमेजमध्ये ती नसते. उपाय म्हणून एका सहकाऱ्याने अशा सगळ्या पर्यायी लायब्रऱ्या रेसिपीच्या, म्हणजे पॅकेज कसे बांधायचे ते सांगणाऱ्या फाइलच्या, ‘डिपेंड्स’ (बिल्डच्या वेळी लागणाऱ्या गोष्टींची यादी) या ओळीत घातल्या, तेव्हा इमेज ६४ मेगाबाइटच्या फ्लॅशमध्ये मावेनाशी झाली. पर्यायी पॅकेजे सांभाळण्याची योग्य पद्धत कोणती, आणि बिल्डरूट या अशाच दुसऱ्या साधनाकडे वळल्यास हा त्रास संपेल का, असे तुम्ही विचारले आहे.

वरवर पाहता हा एका लायब्ररीचा प्रश्न वाटतो, पण माझ्या मते त्याचे मूळ वेगळे आहे. ही सोय उत्पादनात असावी की नसावी, हा निर्णय तुमच्याकडे कोणी घेतलेलाच नाही. त्यामुळे बिल्डच्या सुरुवातीला काय उपलब्ध आहे ते तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट तो दर वेळी नव्याने घेते, आणि तिच्यासमोर जे वाढून ठेवलेले असेल त्यावरून घेते. सगळ्या लायब्रऱ्या डिपेंड्समध्ये घालणे हाही निर्णय नव्हे, कारण तेव्हाही निवड स्क्रिप्टच करते. फक्त तिचे उत्तर दर वेळी ‘हो’ येईल अशी व्यवस्था होते. पर्यायी डिपेंडन्सी सांभाळायची म्हणजे प्रत्येक पर्यायाचे उत्तर माणसाने देऊन एका ठरलेल्या जागी लिहून ठेवायचे. पुढचा सगळा तपशील या एका गोष्टीभोवती आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुम्ही योक्टोची २.३ किंवा त्यानंतरची आवृत्ती वापरत आहात असे मी धरून चाललो आहे. त्याआधीची असेल तर कारण वेगळे निघेल. तुमचे उत्पादन एकच आहे की एकाच पायावर तीन-चार मॉडेल उभी आहेत, यावरही उत्तराचा काही भाग बदलतो. प्रोग्रॅमचा सोर्स तुमच्या हातात आहे, हे मात्र तुमच्या बाजूने आहे; दुसऱ्याच्या सोर्सवर पॅच सांभाळत बसण्यापेक्षा हे काम पुष्कळ सोपे असते.

कॉन्फिगर स्क्रिप्टला एखाद्या पर्यायाबद्दल तीन उत्तरे देता येतात: हो, नाही आणि ‘बघू’. काहीच सांगितले नाही तर बहुतेक स्क्रिप्ट ‘बघू’ असे समजतात, म्हणजे लायब्ररी सापडली तर वापरतात आणि नाही सापडली तर निमूटपणे पुढे जातात. स्वतःच्या संगणकासाठी तिथेच बिल्ड करणाऱ्या माणसाला हे सोयीचे असते, कारण जिथे बिल्ड होते तिथेच प्रोग्रॅम चालतो आणि त्या संगणकावर एखादी लायब्ररी असणे ही त्याचीच निवड असते. क्रॉस-बिल्डमध्ये, म्हणजे एका संगणकावर दुसऱ्याच उपकरणासाठी बिल्ड करताना, हा आधार निघून जातो. तिथे सिसरूटमध्ये, म्हणजे बिल्डसाठी हेडर व लायब्रऱ्या मांडलेल्या फोल्डरमध्ये, काय सापडले यावरून उत्पादनाला काय हवे ते कळत नाही. त्या क्षणापर्यंत कोणाकोणाचे बिल्ड झाले होते, एवढेच कळते.

हे मी फार अवघड मार्गाने शिकलो. २०१४ च्या सुमारास आम्ही शीतगृहांतील तापमान नोंदवणारे एक उपकरण तयार करत होतो, आणि त्यांपैकी काही नारायणगावच्या बाजूला बसवलेली होती. तेव्हाच्या योक्टोत एका मशीनसाठी सर्व रेसिप्यांना मिळून एकच सिसरूट असे. आम्ही जुन्या चार कोअरच्या संगणकावरून सोळा कोअरच्या संगणकावर बिल्ड हलवले आणि समांतर कामांचा क्रम बदलला. संदेश पाठवणाऱ्या क्लायंटचे कॉन्फिगर ज्या क्षणी चालले, तेव्हा टीएलएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, लायब्ररी सिसरूटमध्ये पोहोचलीच नव्हती. बिल्ड एकही त्रुटी न देता पूर्ण झाले, इमेज उपकरणांवर गेली, आणि सुरक्षित जोडणीशिवाय बोलू पाहणाऱ्या उपकरणांना सर्व्हरने नकार दिला. हजारो ओळींच्या लॉगमध्ये ‘नाही’ असे उत्तर असलेली एकच ओळ होती आणि ती आम्ही कोणीच वाचली नव्हती. आत माल भरलेला असताना तापमानाच्या नोंदी थांबल्या होत्या. मी एसडी कार्डे घेऊन स्वतः गेलो आणि शीतगृहाच्या मालकांसमोर उभे राहून ते सांगितले. त्या दिवसापासून माझ्या हाताखालून जाणाऱ्या कोणत्याही रेसिपीत ‘बघू’ हे उत्तर राहू नये, असा मी प्रयत्न करतो.

मे २०१७ मध्ये आलेल्या २.३ या आवृत्तीपासून प्रत्येक रेसिपीला स्वतःचे वेगळे सिसरूट मिळू लागले. रेसिपीने जे मागितले तेवढेच तिच्या सिसरूटमध्ये मांडले जाते, त्यामुळे केवळ क्रम बदलल्याने होणारा गोंधळ जवळजवळ संपला. तरीही तुमच्याकडे फरक दिसतो, आणि त्याचे कारण बहुधा या ‘मागितले तेवढेच’ या शब्दांत दडलेले आहे. तुमच्या प्रोग्रॅमने लिबकर्ल मागितले की लिबकर्लने जे मागितले तेही तुमच्या सिसरूटमध्ये येते, कारण लिंक करताना त्याची गरज पडू शकते. कर्लच्या रेसिपीत झेडएसटीडी हा स्वतंत्र पर्याय आहे. तुमच्या लॅपटॉपवरील ‘लोकल डॉट कॉन्फ’ या त्या संगणकापुरत्या सेटिंगच्या फाइलमध्ये कोणीतरी कधीतरी चाचणीसाठी तो चालू केला असेल, तर झेडएसटीडीचे हेडर कर्लच्या मागोमाग तुमच्या प्रोग्रॅमच्या सिसरूटमध्ये येऊन बसतात, आणि तुमचे कॉन्फिगर त्यांना पाहून ‘सापडले’ असे म्हणते. सर्व्हरवर ती ओळ नाही, म्हणून तिथे ते सापडत नाही. दोन्ही ठिकाणी बिटबेक हे योक्टोचे बिल्ड चालवणारे साधन आपले काम बरोबर करत आहे.

हा अंदाज आहे आणि तो तपासून पाहता येतो. दोन्ही संगणकांवर तुमच्या रेसिपीच्या ‘टेम्प’ फोल्डरमधील कॉन्फिगरचा लॉग काढा आणि शेजारी ठेवून तुलना करा. मग ‘बिटबेक -ई’ या आज्ञेने कर्लची सर्व व्हेरिएबल छापून ‘पॅकेजकॉन्फिग’ या व्हेरिएबलची अंतिम किंमत (व्हॅल्यू) पाहा. ही आज्ञा केवळ किंमत सांगून थांबत नाही. ती किंमत कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत बनत गेली, याचा इतिहासही किमतीच्या वर छापते, आणि तो इतिहासच तुम्हाला हवा आहे. त्यातूनही उलगडले नाही तर दोन्हीकडच्या सिगडेटा फाइल (प्रत्येक कामाच्या इनपुटवरून काढलेल्या सहीच्या नोंदी) ‘बिटबेक-डिफसिग्ज’ला द्या. एखाद्या कामाची सही कोणत्या व्हेरिएबलमुळे किंवा कोणत्या मागच्या रेसिपीमुळे बदलली, हे ते साखळी उलगडत दाखवते. सर्व्हरवर तयार झालेले एसस्टेट, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी साठवलेले बिल्डचे निकाल, तुमच्या लॅपटॉपवर उपयोगी पडत नाही, अशी तक्रार असेल तर तिचेही कारण याच तपासणीत सापडण्याची शक्यता आहे.

आता उपायाकडे येतो. योक्टोमध्ये पर्यायी डिपेंडन्सीसाठी पॅकेजकॉन्फिग ही यंत्रणा आहे. रेसिपीत प्रत्येक पर्यायाला एक नाव द्यायचे आणि त्या नावापुढे स्वल्पविरामांनी वेगळे केलेले जास्तीत जास्त सहा रकाने भरायचे. पहिल्या रकान्यात पर्याय चालू असताना कॉन्फिगरला द्यायचा शब्द असतो, दुसऱ्यात बंद असताना द्यायचा शब्द; तिसऱ्यात बिल्डच्या वेळी लागणाऱ्या रेसिप्या, चौथ्यात उपकरणावर लागणारी पॅकेजे, पाचव्यात उपकरणावर असली तर बरी अशी पॅकेजे, आणि सहाव्यात ज्यांच्याशी हा पर्याय एकत्र नांदू शकत नाही अशा पर्यायांची नावे. तुमच्या बाबतीत पहिल्या रकान्यात ‘विथ-झेडएसटीडी’, दुसऱ्यात ‘विदाउट-झेडएसटीडी’ आणि तिसऱ्यात झेडएसटीडीच्या रेसिपीचे नाव येईल. उरलेले तीन रिकामे राहतील.

या सहांपैकी दुसरा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि घाईत नेमका तोच रिकामा सोडला जातो. पहिला आणि तिसरा भरला की पर्याय चालू केल्यावर सगळे व्यवस्थित चालते, त्यामुळे लिहिणाऱ्याला काम झाल्यासारखे वाटते. पण दुसरा रिकामा असेल तर पर्याय बंद केल्यावर कॉन्फिगरला काहीच सांगितले जात नाही आणि ते पुन्हा ‘बघू’वर येते. तेव्हा रेसिपीत पर्याय बंद दिसतो, आणि बायनरीत मात्र मागच्या दाराने लायब्ररी आलेली असू शकते. रेसिपी तपासताना मी प्रत्येक पर्याय बंद करून बिल्ड करून पाहतो, कारण चालू करून तो बहुधा लिहिणाऱ्याने स्वतःच पाहिलेला असतो.

सोर्स तुमचा असल्यामुळे कॉन्फिगर स्क्रिप्टही सुधारून घ्या. ‘हो’ सांगितले असताना लायब्ररी सापडली नाही, तर स्क्रिप्टने तिथेच त्रुटी देऊन थांबले पाहिजे. पुष्कळ घरगुती स्क्रिप्ट ‘हो’ आणि ‘बघू’ यांत फरकच करत नाहीत. मेसॉन या बिल्ड-साधनात यासाठी फीचर नावाचा पर्यायाचा प्रकारच आहे आणि त्याला चालू, बंद व आपोआप अशा तीन किमती असतात. बिल्डच्या रेसिपीतून त्यांतील पहिल्या दोनच द्याव्यात. सीमेक या दुसऱ्या बिल्ड-साधनात ‘फाइंड पॅकेज’ ही आज्ञा ‘रिक्वायर्ड’ या शब्दाशिवाय लिहिली असेल, तर न सापडलेली लायब्ररी बिल्ड थांबवत नाही. सोर्स दुसऱ्याचा असून त्यात स्विचच नसेल, तर त्या पॅकेजचा शोध बंद ठेवण्यासाठी सीमेकमध्ये ‘सीमेक डिसेबल फाइंड पॅकेज’ या शब्दांनी सुरू होणारे आणि पॅकेजच्या नावाने संपणारे व्हेरिएबल आहे. तोही मार्ग नसेल तर मी लहानसा पॅच लिहितो आणि मूळ प्रकल्पाकडे पाठवतो. तो स्वीकारला गेला तर पुढच्या आवृत्तीत आपले ओझे कमी होते.

तुमच्या सहकाऱ्याच्या उपायाने इमेज का फुगली, हेही इथे सांगायला हवे, कारण डिपेंड्स ही केवळ बिल्डच्या वेळची गोष्ट असताना फ्लॅशवरील जागा कशी भरली, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. लायब्ररी सिसरूटमध्ये आली, ‘बघू’वर असलेल्या कॉन्फिगरने ती उचलली आणि बायनरी तिच्याशी लिंक झाली. मग पॅकेज बनवताना बिटबेक प्रत्येक बायनरीला कोणत्या शेअर्ड लायब्रऱ्या लागतात ते वाचते आणि त्यांची पॅकेजे उपकरणावरील गरज म्हणून आपणहून नोंदवते. त्यामुळे लिंक झालेली प्रत्येक लायब्ररी, आणि तिला लागणाऱ्या लायब्रऱ्या, इमेजमध्ये उतरल्या. याच कारणाने साध्या लिंक होणाऱ्या लायब्ररीसाठी चौथा रकाना भरावा लागत नाही. प्रोग्रॅम चालू असताना ‘डीएलओपन’ने उघडली जाणारी लायब्ररी मात्र बायनरीच्या नोंदीत दिसत नाही, आणि जी बाहेरची आज्ञा प्रोग्रॅम चालवतो तीही दिसत नाही. अशांसाठी चौथा किंवा पाचवा रकाना हाताने भरावा लागतो. तो राहून गेला तर बिल्ड आणि प्रयोगशाळेतील चाचणी दोन्ही उत्तीर्ण होतात, कारण प्रयोगशाळेच्या इमेजमध्ये ते पॅकेज दुसऱ्या कोणामुळे तरी आलेले असते, आणि त्रुटी ग्राहकाकडे गेल्यावर उघड होते.

आता निर्णय कोणत्या पातळीवर लिहायचा ते पाहू. इथे मतभेद आहेत, म्हणून माझी पद्धत तिच्या कारणांसह सांगतो. एखाद्या सोयीबाबत अनेक रेसिप्यांचे एकमत लागत असेल, उदाहरणार्थ ब्लूटूथ, आयपीव्ही६, पॅम किंवा वेलँड, तर ती डिस्ट्रो फीचर्समध्ये, म्हणजे संपूर्ण डिस्ट्रोसाठी (तुमच्या लिनक्स-वितरणासाठी) ठरवलेल्या सोयींच्या यादीत, जाते आणि रेसिप्या तिथून आपापले पर्याय चालू-बंद करतात. हार्डवेअरशी बांधलेली गोष्ट मशीन फीचर्समध्ये जाते. एकाच रेसिपीपुरता पर्याय असेल तर त्या रेसिपीच्या नावाला बांधलेली ओळ मी डिस्ट्रोच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहितो. अनेक जण हे बीबीअपेंड फाइलमध्ये, म्हणजे मूळ रेसिपीला जोडल्या जाणाऱ्या पुरवणी फाइलमध्ये, करतात आणि त्यात चूक काही नाही. मला मात्र उत्पादनाचे सगळे पर्याय एका पानावर हवे असतात, म्हणजे नवीन माणसाला आणि तपासणाऱ्याला वीस फोल्डर धुंडाळावे लागत नाहीत. प्रत्येक ओळीच्या वर तो पर्याय का चालू किंवा का बंद आहे, हे एका वाक्यात लिहिलेले असावे, असा माझा आग्रह असतो. लोकल डॉट कॉन्फमध्ये उत्पादनाचा निर्णय कधीही लिहू नये; ती फाइल एका माणसाच्या संगणकाची असते आणि गिटमध्ये जात नाही.

टीएलएसचे उदाहरण घ्या, कारण तुमच्या ६४ मेगाबाइटशी त्याचा थेट संबंध आहे. कर्ल हे ओपनएसएसएल, जीएनयूटीएलएस किंवा एम्बेडटीएलएस यांपैकी कोणत्याही लायब्ररीवर बांधता येते. इतर प्रोग्रॅमही आपापली आवड घेऊन येतात. प्रत्येक रेसिपीचा निर्णय सुटासुटा घेतला तर एकाच कामासाठी दोन किंवा तीन लायब्रऱ्या फ्लॅशवर जाऊन बसतात, आणि त्या प्रत्येकीच्या सुरक्षा-सूचनांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. इथे डिस्ट्रोच्या पातळीवर एक निवड करून तीच सर्वत्र लागू करणे शहाणपणाचे ठरते. माझ्या कामात जागा मोकळी होण्याचा सर्वांत मोठा वाटा अशाच एकत्रीकरणातून आला आहे; लहानसहान पर्याय बंद करून त्या मानाने फारसे हाती लागले नाही.

लिहिताना घसरण्याच्या काही जागा आहेत. रेसिपीत पॅकेजकॉन्फिगची मूळ किंमत बहुधा ‘??=’ या चिन्हाने दिलेली असते, म्हणजे दुसऱ्या कोणी काही दिले नाही तरच लागू होणारी दुबळी किंमत. बीबीअपेंडमध्ये कोणी ‘+=’ने एक पर्याय जोडला, तर तो मूळ यादीत मिळवला जात नाही; दुबळी किंमत बाजूला पडते आणि तेवढा एकच पर्याय उरतो. जोडायचा असेल तर ‘अपेंड’ वापरावे आणि सुरुवातीच्या अवतरणचिन्हानंतर एक मोकळी जागा सोडावी, नाहीतर आधीच्या शेवटच्या नावाला नवे नाव चिकटते. ‘रिमूव्ह’ जपून वापरावे, कारण एकदा कोणत्याही लेयरने (रेसिप्यांच्या संचाने) काढलेले नाव दुसऱ्या लेयरला साध्या मार्गाने परत आणता येत नाही. आणि डिस्ट्रोच्या फाइलमध्ये रेसिपीचे नाव न बांधता पॅकेजकॉन्फिगला अपेंड केले तर ते प्रत्येक रेसिपीला लागू होते. मागे एका संघात सगळ्या इमेजची वाढ अशा एका ओळीमुळे झालेली मी पाहिली आहे.

आणखी एक जागा आहे, आणि ती तुमच्याकडे दुसरे मॉडेल आल्यावरच दिसेल. समजा दोन बोर्डांवर एकाच जातीचा प्रोसेसर आहे आणि तुम्ही केवळ एका बोर्डासाठी एखाद्या सामान्य रेसिपीचा पर्याय चालू केला. योक्टो सामान्य रेसिपीचे पॅकेज प्रोसेसरच्या जातीनुसार ठेवते, बोर्डानुसार ठेवत नाही. त्यामुळे एकाच नावाच्या व एकाच जागेच्या पॅकेजला दोन वेगवेगळी रूपे मिळतात, बोर्ड बदलला की ती पुन्हा पुन्हा बांधली जातात, आणि पॅकेज फीड (उपकरणांना पॅकेजे पुरवणारा साठा) वापरत असाल तर एका बोर्डाला दुसऱ्याचे पॅकेज जाऊ शकते. अशा वेळी ती रेसिपी त्या बोर्डापुरती आहे असे ‘पॅकेज आर्च’मध्ये स्पष्ट लिहावे, किंवा पर्याय दोन्ही बोर्डांवर सारखा ठेवावा. मी शक्यतो दुसरा मार्ग घेतो. प्रोग्रॅम प्लगिनवर चालणारा असेल तर तिसराही मार्ग असतो: सगळे प्लगिन बांधावेत, प्रत्येकाचे वेगळे पॅकेज करावे आणि कोणत्या इमेजमध्ये कोणते जावे हे इमेजच्या रेसिपीत ठरवावे. जीस्ट्रीमरची प्लगिने अशीच वाटून घेता येतात. तुमचा प्रोग्रॅम अजून लहान आहे. त्याला आत्ताच प्लगिनची रचना देऊ नका.

इथपर्यंतचे एकदा जुळवून घेऊ. पर्यायाला नाव द्यायचे, चालू आणि बंद या दोन्ही बाजू लिहायच्या, किमतीचा निर्णय डिस्ट्रोच्या एका फाइलमध्ये कारणासह ठेवायचा, आणि अनेकांचे एकमत लागणाऱ्या गोष्टी फीचर्समध्ये न्यायच्या. आता राहिला प्रश्न लिहिलेले प्रत्यक्षात उतरले की नाही हे तपासण्याचा.

योक्टोची गुणवत्ता-तपासणी यात चांगली मदत करते. कॉन्फिगरला दिलेला शब्द त्याला ओळखता आला नाही तर ‘अननोन कॉन्फिगर ऑप्शन’ हा इशारा येतो. मूळ प्रकल्पाने एखाद्या पर्यायाचे नाव बदलले की आपला ‘विदाउट’ निष्प्रभ होतो, आणि ते सांगणारा हाच एक इशारा असतो. म्हणून मी त्याला त्रुटीचा दर्जा देतो आणि बिल्ड थांबवतो. पॅकेजकॉन्फिगमध्ये रेसिपीत नसलेले नाव लिहिले गेले तर त्यासाठी वेगळी तपासणी आहे, आणि उपकरणावर गरज नोंदली गेली पण बिल्डची गरज नोंदलेली नाही अशा स्थितीसाठी ‘बिल्ड-डेप्स’ नावाची तपासणी आहे. तुमच्या सध्याच्या रेसिपीवर यांतील एखादा इशारा आधीपासूनच येत असेल. लॉगमध्ये शोधून पाहा.

याशिवाय दोन गोष्टी स्वतः कराव्यात. बिल्डहिस्टरी हा क्लास चालू करा. तो प्रत्येक बिल्डनंतर पॅकेजांच्या गरजा आणि इमेजमधील पॅकेजांचे आकार गिटमध्ये नोंदवतो, आणि कोड तपासताना दोन बिल्डमधील फरक वाचता येतो. दुसरे म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमला आवृत्ती विचारली असता त्याने आपल्यात कोणकोणत्या सोयी बांधलेल्या आहेत तेही छापावे, आणि उपकरणावरील पहिल्याच चाचणीत ती यादी अपेक्षित यादीशी ताडून पाहावी. आमच्या शीतगृहाच्या उपकरणात एवढी एक चाचणी असती, तर ती इमेज कार्यालयाबाहेर गेलीच नसती.

सगळ्या जोड्यांची चाचणी करण्याचा मात्र प्रयत्न करू नका. दहा पर्याय असतील तर १०२४ जोड्या होतात, आणि प्रत्येक नव्या पर्यायाने ही संख्या दुप्पट होते. तुमच्या उत्पादनात जाणाऱ्या एक किंवा दोन जोड्या निश्चित करा, त्यांची नियमित चाचणी करा, आणि ज्या जोडीत तुमचा माल विकला जात नाही तिच्यावर वेळ घालवू नका. ज्या पर्यायाची बाजू दोन वर्षांत कधीच बदलली नाही, तो मी पर्याय म्हणून ठेवत नाही; लागत असेल तर सरळ डिपेंड्समध्ये नेतो, नसेल तर सोर्समधूनच काढतो.

बिल्डरूटबद्दल तुम्ही विचारले आहे. मी दोन्ही वापरतो आणि एकाच उत्पादनाच्या लहान संघाला बिल्डरूट मनापासून सुचवतो, पण तुमचा हा प्रश्न तिथे गेल्याने सुटणार नाही. तिथे मेक फाइलमध्ये अट लिहिली जाते: लायब्ररी मेनूत निवडलेली असेल तर ‘विथ’ द्या आणि तिला आधी बांधा, नसेल तर ‘विदाउट’ द्या. दोन्ही बाजू लिहिण्याची शिस्त तिथेही तीच आहे, आणि बिल्डरूटची तपासणी करणारी मंडळी तिच्याबाबत काटेकोर आहेत. फरक दोन ठिकाणी पडतो. एक म्हणजे पर्याय बहुधा लायब्ररीच्या निवडीमागोमाग आपोआप चालू होतो; झेडएसटीडी इमेजमध्ये आहे, ती एकाने वापरावी आणि दुसऱ्याने वापरू नये, असे वेगळे सांगायला अनेक पॅकेजांत जागाच नसते. दुसरा फरक अधिक सावध करणारा आहे. योक्टोत पर्याय बदलला की कामाची सही बदलते आणि रेसिपी पुन्हा बांधली जाते. बिल्डरूट असा माग ठेवत नाही. त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट उदाहरण आहे: आधी ओपनएसएसएलशिवाय सीटोरेंट बांधले आणि नंतर ओपनएसएसएल निवडले, तर सीटोरेंट आपोआप पुन्हा बांधले जात नाही. म्हणून पर्याय बदलला की तिथे मी ‘मेक क्लीन’पासून सुरुवात करतो, आणि ग्राहकाला जाणारी इमेज नेहमी कोऱ्या फोल्डरमधूनच बांधतो. बिल्डरूटचा मेनू ज्या केकॉन्फिग भाषेत लिहिलेला असतो, तिच्यातील ‘सिलेक्ट’बाबतही एक सावधगिरी हवी: निवडलेल्या पॅकेजच्या स्वतःच्या ‘डिपेंड्स ऑन’ अटी सिलेक्ट पाहत नाही, त्यामुळे त्या अटी निवडणाऱ्या पॅकेजातही पुन्हा लिहाव्या लागतात.

परवान्याचा मुद्दा तुम्ही काढला नाही, पण पर्यायी डिपेंडन्सीतून तो हमखास येतो. रीडलाइन ही लायब्ररी ६.० या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून, जीपीएल ३ खाली आहे. एसक्यूलाइटच्या आज्ञा-ओळीला बाणांची कळ चालावी म्हणून कोणी तो पर्याय चालू केला, तर ग्राहकाच्या करारात नाकारलेला परवाना एवढ्या किरकोळ सोयीसाठी इमेजमध्ये येऊ शकतो. तिथे एडिटलाइनचा पर्याय उपलब्ध असतो. युरोपला माल पाठवणार असाल तर तिथल्या सायबर रेझिलियन्स कायद्याच्या मुख्य जबाबदाऱ्या ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होत आहेत, आणि इमेजमधील घटकांची नोंद तेव्हा ठेवावी लागेल. डिस्ट्रोच्या फाइलमधील ती एका वाक्याची कारणे त्या दिवशी फार उपयोगी पडतील.

तुमच्या जागी मी असतो तर कामाचा क्रम असा ठेवला असता. आधी सहकाऱ्याने डिपेंड्समध्ये घातलेल्या ओळी मागे घ्या. मग प्रोग्रॅमच्या कॉन्फिगरमधील प्रत्येक आपोआप शोध मोजा; तुमच्या वर्णनावरून ते पाच-सहाच असावेत. प्रत्येकाला पॅकेजकॉन्फिगमध्ये नाव द्या, दोन्ही बाजू भरा, आणि सुरुवातीला सगळे बंद ठेवून लॅपटॉपवर व सर्व्हरवर बिल्ड करा. या टप्प्यावर दोन्ही लॉगमधील उत्तरे तंतोतंत जुळली पाहिजेत. त्यानंतर झेडएसटीडीचा निर्णय तुमच्या उत्पादनप्रमुखांसमोर ठेवा: सिमकार्डावरील डेटाची बचत किती आणि फ्लॅशवरील जागा किती, हे दोन्ही आकडे मोजून न्या. उत्तर ‘हो’ आले तर ती ओळ डिस्ट्रोच्या फाइलमध्ये कारणासह लिहा आणि लॅपटॉपवरील लोकल डॉट कॉन्फ रिकामी करून पुन्हा एकदा बिल्ड करा. त्यानंतरही दोन संगणकांचे उत्तर वेगळे आले, तर दोन्हीकडचा कॉन्फिगरचा लॉग आणि ‘रेसिपी-सिसरूट’ फोल्डरमधील हेडरची यादी कळवा. कोणती रेसिपी काय ओढून आणते, ते त्यावरून पाहता येईल.